उरलेल्या गोळ्या

॥ श्री ॥
सिंदेवाही, ता. ९ डिसेंबर २००३

चि. वारलू भाऊजींस रुखमावहिनीचा आशीर्वाद.

इकडे धान चुरून दाणे पोत्यांत भरून झाले. आपली मयुरी यंदा आठवीत आहे. गुरुवारी दिवा लावताना तुमची आठवण येते. तुम्ही इथल्या धान खरेदीच्या केंद्रावर ह्यांच्यासोबत कामाला होता, तेव्हा दर गुरुवारी आपल्या ओसरीत भजन व्हायचे. तुमची खंजिरी, ह्यांचा आवाज. चहात गूळ कमी पडला की तुम्ही म्हणायचात, "वहिनी, गूळ देवासाठी राखून ठेवला का?" तसे हसणे या घरात पुन्हा झाले नाही.

तुम्ही बल्लारपूरला गेलात, पण हे दर महिन्याला गाडीने तुमच्या खोलीवर मुक्कामी जात राहिले. अन् घरी आले की हगवण. रक्त पडायचे. "वारलू तिखट लय टाकते," हे म्हणत. मीही तेच मानले. गोळ्या द्यायची, रक्त थांबले की उरतील त्या डब्यात ठेवायची. तुम्हालाही तसाच त्रास झाला तेव्हा त्यातल्याच चार पुडीत बांधून ह्यांच्याजवळ पाठवल्या. वाया जाऊ नयेत म्हणून.

या वेळी हे उठेचनात. नागपूरला नेले. त्या गोळ्यांना हा जंतू आता जुमानत नाही, असे तपासणीत निघाले. अर्धवट औषधाने असे होते, डॉक्टर म्हणाले. ती चूक माझी. सलाईनमधून दुसरे औषध दिले, आता उतार आहे.

मग डॉक्टरांनी मला एकटीला बोलावले. हा रोग पाण्यातून येतो, तसा अंगसंगातूनही येतो, म्हणाले. माझी तपासणी केली. काही निघाले नाही. निघणार कसे? मयुरी झाल्यापासून माझे अंथरूण वेगळेच आहे.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटले, "भाऊजीले चिठ्ठी लिहितो."

हे भिंतीकडे वळले. "तू काऊन लिहितं?"

"मंग कोण लिहिन? तुमच्यानं तं होत नाई."

भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "एकटाच राह्यते वं तो. कोणाले सांगणार नाई. तसाच मरून जाईन."

तर भाऊजी, लाजू नका. चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात जा. सोबतचा कागद दाखवा, चालणारे औषध त्यावर लिहिले आहे. बरे वाटले तरी एक गोळी मागे ठेवू नका. तोवर ह्यांना मी गाडीत बसू देणार नाही.

त्यानंतरचे तुम्ही दोघे ठरवा. मला विचारू नका. मी अजून देवालाही काही विचारलेले नाही.

इतकी वर्षे खरोखरच तुमची वहिनी,
रुखमा