हिरवळीवर बसायचं नाही

आप्पा, आज नातीच्या शाळेची सहल तुमच्या बागेत गेली होती. आधी किल्ला बघायचा, मग बागेत बसून डबे खायचे. सोबत घरचं एक माणूस लागत होतं, सुनेला रजा नाही, म्हणून मी. पोरगी पहिलीत आहे, बडबडीला माझ्यावर गेलीय. रस्ताभर माझं बोट धरून सगळ्यांना सांगत होती, "ही माझी आजी. हिनं शेंगाची चटणी कुटलीय, सगळ्यांना पुरंल!" मला इतका आनंद की गुडघे दुखायचे विसरले. पण बागेच्या फाटकातनं आत पाय टाकला आणि तुम्ही आठवलात. चांगले नाही आठवलात.

मी तिसरीत होते. आमची सहलपण हीच, किल्ला आणि बाग. आठ दिवस आधीपासनं मी वर्गात मिरवत होते, माझे आप्पा तिथं माळी आहेत, दुसऱ्या कुणाला हिरवळीवर बसू देत नाहीत, पण आपल्याला देतील. आईनं कडक भाकरी जास्तीची बांधून दिली होती, बाईंनाही द्यायला. आम्ही गोल करून बसलो, डबे उघडले आणि तुमची शिट्टी वाजली. मी हसले, मला वाटलं गंमत करताय.

"ए, उठा गवतावरनं! बापाची जागा हाय व्हय?"

बाई म्हणाल्या, "अहो, तुमचीच मुलगी आहे की ह्यांच्यात."

"कुणाची का असंना. हिरवळ दबती." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत.

फाटकाबाहेर गटारीच्या कडेला सगळ्यांनी उभ्यानं खाल्लं. माझी भाकरी कुणी घेतली नाही. त्यानंतर रोज, मी वर्गात शिरले की पोरी म्हणायच्या, "उठा गं उठा, आप्पाची लेक आली!" मग मी शाळेत जाईनाशीच झाले. तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. एक नवं खुरपं आणून दिलंत, "चल माझ्यासंगं." तुम्ही मला हातानं दिलेली ती एकच वस्तू. म्हणून हे असलं अक्षर, आप्पा. नात म्हणते, आजी, तू माझ्यासारखंच लिहितीस.

आई सांगायची, मुकादम बघत होता, नोकरी गेली असती. असंल. पण घरी येऊन एक शब्द बोलायचा की. रोज संध्याकाळी दबलेलं गवत तुम्ही बोटांनी विंचरून उभं करायचात, किती हळू, आणि मी शेजारी खुरपत बसलेली असायची. माझ्या डोक्यावरनं तो हात कधी फिरला नाही.

आज पोरं त्या हिरवळीवर लोळली. आताचा वॉचमन बाकावर मोबाइल बघत होता. नात ओरडली, "आजी, हितं बस की!" बसले. मुद्दाम पाय पसरून बसले. चटणी सांडली ती तशीच राहू दिली. वरनं बघत असाल तर बघा म्हटलं. लई बरं वाटलं.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? नातीच्या वहीतलं पान आहे, वहीतच राहील. एक तेवढं सांगते. बाईंनी रांग लावली, पोरं फाटकाकडं पळाली, तेव्हा मी मागं राहिले. आणि माझ्या बसण्यानं दबलेलं गवत वाकून बोटांनी उभं केलं.