घासाघीसशास्त्राचा कोड

३ जून
संशोधन-विषयांची सरकारी यादी आज पुन्हा चाळली. मत्स्यपालनाला कोड आहे, चामड्याला आहे. घासाघीसशास्त्राला नाही! कोप्पीकर रोडच्या बाजारात उन्हातान्हात उभा राहून हे शास्त्र मी जन्माला घातलं. दुकानदार गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये घासाघीस करतो आणि गल्ल्यावरच्या अण्णाला खरी किंमत मराठीत विचारतो, हे माझ्याआधी कुणी टिपलंय? आमच्या मराठी विभागातले मला 'बाजारवाले सर' म्हणतात. म्हणोत. डबक्यातले बेडूक.

वेदश्री माझी एकुलती एक पीएचडीची विद्यार्थिनी. जूनअखेर विषयाला कोड मिळून तिची नोंदणी झाली नाही, तर माझी गाईडशिप रद्द. होऊच शकत नाही. माझ्याशिवाय आहे कोण?

५ जून
विद्यापीठाच्या ऑफिसात गेलो. क्लार्क प्रभंजन म्हणाला, सर, 'मराठी – इतर' टाका, संध्याकाळपर्यंत काम होतंय. इतर! मी इतर? चांगला झापला. मान वर न करता 'नोडोण री' म्हणाला. बघू या म्हणे. अडाणी.

वेदश्रीचंही तेच, 'इतर' चालेल की सर. पोरीला स्वाभिमान म्हणून नाही. स्वाभिमानावर तिला व्याख्यान दिलं. तिची अमरगोळची बस चुकली.

६ जून, सकाळी ६
निश्चय: आजपासून रोज दोन पानं निवेदन. कोड देणारी कमिटी हादरली पाहिजे.

दुपारी
पोट बिघडलं. मिरचीभजी जास्त झाली. आमच्या इंदुमतीने एवढी तळायचीच कशाला?

१४ जून
निवेदन पाठवलं. काय लिहिलंय! कमिटीतले ठोंबे शब्दकोश घेऊन बसतील. ठणकावून सांगितलंय की या शास्त्राचा मराठी भाषा-साहित्याशी काडीचाही संबंध नाही, साहित्याच्या माणसाला यात गती असणं शक्य नाही. इंदुमतीला वाचून दाखवलं. म्हणाली, अहो, पण तुम्ही साहित्याचेच ना? हिला मुद्दा म्हणून कधी कळला नाही.

२५ जून
जिंकलो! कोड मिळाला. अख्ख्या कमिटीला वाकवलं. पेढे वाटले. प्रभंजनला मुद्दाम अर्धाच दिला.

संध्याकाळी
शास्त्र गृहविज्ञानात घातलंय. ग्राहक-अभ्यासाच्या खाली. गाढवं लेकाची! असू दे, कोड तो कोड.

२६ जून
गाईड त्याच विषयाचा लागतो म्हणे. मी पडलो मराठीचा. कमिटीने माझंच वाक्य उतरवून घेतलंय, साहित्याच्या माणसाला यात गती नसते. म्हणजे वेदश्री गृहविज्ञानाच्या अर्चना मॅडमकडे जाणार. जाता जाता पाया पडली. वाईट वाटलं मला. फार वाटलं.

पण थांबा! विद्यार्थी सोडायला माझी ना-हरकत सही लागते. हुकमाचा एक्का माझ्याच हातात आहे. उद्या मॅडम येणार. लोणच्याच्या बरण्यांवर पेपर लिहिणारी बाई, तिला काय कळणार घासाघीस! सही हवी तर मुख्य गाईड मी, त्या सह-गाईड. एक इंच हटणार नाही.

२७ जून
मुख्य गाईडपद मागितलं. मॅडम नुसत्या हसल्या. सह-गाईडवर आलो. 'आगोदिल्ल री सर', नियमात जमत नाही. मग सल्लागार तरी करा म्हटलं. त्यांनी पर्स उचलली, बरं येते म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या.

गिऱ्हाईक उठून निघालं की हाक मारायची नाही, हा या शास्त्राचा पहिला नियम. मीच मांडलेला.

मी हाक मारली.

सही करून दिली. प्रबंधात आभाराच्या पानावर माझं नाव घालणार आहेत. जागा उरली तर.