रेडिएटरला बांधलेली तार

१ नोव्हेंबर २०११, मंगळवार

आहे! मेली घुंई आहेच!

पाच आठवडे डोळे फोडून हा अ‍ॅम्प जोडला. दोन काचेचे व्हॉल्व्ह, एक जुना ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा. आज हेडफोन लावले, बटण दाबलं, व्हॉल्व्ह लाल झाले आणि दोन्ही कानांत — घुंईईई. गाणं लावायच्या आधीच. एखादी माशी बाटलीत कोंडावी तसं.

तेरा तारखेला रविवारी मंडळी माझ्याकडे येणार. इशेनबेक आणि गेना. दर महिन्याला एकाच्या घरी बसतात, त्याने जोडलेलं यंत्र ऐकतात, नावं ठेवतात. बायकांना बोलावत नाहीत. मी मागच्या महिन्यात रेडिओबाजारात इशेनबेकच्या टेबलाशी व्हॉल्व्ह निवडत होते, तर चारचौघांत म्हणाला, "बाई, तुम्ही फॅक्टरीत सोल्डर लावायच्या, ठीक आहे. सर्किट हे डोक्याचं काम." सगळे हसले. गेना तर चहा सांडेपर्यंत हसला.

सत्तावीस वर्षं लावलं सोल्डर. ह्याच्या टेबलावरचे निम्मे रेडिओ माझ्या हातचे असतील! म्हटलं, तेरा तारखेला या माझ्याकडे. एवढीशी जरी घुंई ऐकू आली तर पुन्हा बाजारात तोंड दाखवणार नाही.

बोलून तर बसले.

३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर शोध.

इनपुट बंद करून पाहिलं — घुंई तशीच. म्हणजे बाहेरून येत नाही. पहिला व्हॉल्व्ह उपटला — तशीच. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा वेणीसारख्या घट्ट पिळल्या — थोडी कमी. ट्रान्सफॉर्मर काढून आडवा बसवला — अजून कमी. अर्थिंगच्या सगळ्या तारा जिथे-तिथे जोडल्या होत्या, त्या तोडून एकाच खिळ्याला आणल्या. हे मी आधीच करायला हवं होतं, गाढवासारखी विसरले.

आता उरलीय एक बारीक भुणभुण. पण आहे.

मधेच वरून ठणठणाट! वन्सं. आमच्या इमारतीत खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांचा लोखंडी नळ खालपासून वरपर्यंत एकच — दुसऱ्या मजल्यावर एर्मेक, तिसऱ्यावर मी, चौथ्यावर माझ्या नवऱ्याची थोरली बहीण बुर्माकान. काही बिनसलं की ही बया पळी घेऊन रेडिएटर बडवते. मी ड्रिल लावलं की चार ठोके. खोकले तरी चार ठोके. लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "सून छान आहे, फक्त सोल्डरचा वास येतो." तो वास मी तेहेतीस वर्षं मुद्दाम धुतला नाही.

नवरा गेला, पण ही राहिली. देवालाही चव नाही.

५ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं!!

डब्याला बोट लावलं की भुणभुण गप्प. बोट उचललं की सुरू. दहा वेळा करून पाहिलं. बोटाला जराशा मुंग्या येतात, पण जुन्या ट्रान्सफॉर्मरचं ते असतंच. म्हणजे डब्याला अर्थिंग हवंय. माझ्या भिंतीतल्या प्लगला दोनच भोकं, अर्थिंगचा पत्ता नाही. ह्या इमारती बांधल्या तेव्हा कुणाला सुचलं नाही.

मग काय, सगळे करतात तेच केलं. रेडिएटरच्या कोपऱ्यातला रंग कानशीने खरवडला, चकचकीत लोखंड दिसू लागलं, जाड तारेचं टोक पट्टीने आवळलं. दुसरं टोक डब्याला. फॅक्टरीत असं केलं असतं तर फोरमनने हाकललं असतं. पण फोरमनही घरी हेच करायचा.

हेडफोन लावले.

काहीच नाही. काही म्हणजे काहीच नाही! माझं रक्त वाहिलेलं ऐकू येत होतं. आवाज पूर्ण चढवला, तरी नाही. मग लहानशा वॉकमनवर नवऱ्याची टेप लावली, तीनतारी कोमुझ वाजवलेली. तारेवरून बोट सरकतं तेही ऐकू आलं. रडले थोडी. चहात दोन चमचे जॅम घालून प्यायले.

इशेनबेक, ये आता!

७ नोव्हेंबर, सोमवार

अ‍ॅम्प चालूच ठेवलाय. व्हॉल्व्ह आठवडाभर तापले की स्थिर होतात.

जिन्यात वन्सं भेटली. दोन्ही हात बगलेत.

"कुलनार, तुझा रेडिएटर चावतो का गं?"

"काय?"

"माझा चावतो. काल टॉवेल वाळत घातला तर झिणझिण्या कोपरापर्यंत."

"वन्सं, तुमच्या अंगातलं विष बाहेर पडत असेल."

बोलून मोकळी झाले. ती तशीच कठडा धरून वर गेली. मला दिवसभर हसू येत होतं.

९ नोव्हेंबर, बुधवार

आज ठोके वेगळे आले. ठण्ण नाही — ठक्क. लाकडाचे. लाटणं घेतलंय बयेने. म्हणजे पळीने बडवलं की खरंच लागतं तिला.

जरा विचारात पडले. टेस्टर काढला, माझ्या रेडिएटरला लावला. दिवा पेटला! मिणमिणता नाही, चांगला पेटला.

मग आठवलं. एप्रिलमध्ये खालच्या एर्मेकने घर नवं केलं तेव्हा जुना लोखंडी नळ कापून पांढरा प्लास्टिकचा टाकला. मीच भांडायला गेले होते, धुळीवरून! म्हणजे माझ्या रेडिएटरला खाली जमीनच नाही. माझी तार खाली कुठेच जात नाही. वर जाते. वन्संकडे.

ट्रान्सफॉर्मरमधून वीज डब्यात गळत असणार. तापला की जास्त.

एक उपाय होता. आपला जुना प्लग दोन्हीकडून बसतो. उलटा करून घातला. टेस्टरचा दिवा विझला. हेडफोन लावले — घुंई परत! पहिल्यापेक्षा मोठी.

प्लग हातात घेऊन बराच वेळ बसले.

मग सुलटा घातला. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. झिणझिण्यांनी कुणी मरत नाही. मला तेहेतीस वर्षं चावली, तिला चार दिवस रेडिएटर चावू दे. सोमवारी काढते तार. नक्की काढते.

१० नोव्हेंबर, गुरुवार

वन्सं दारात. हातात बोरसोकचं ताट, वरून फडकं. काहीतरी हवं असल्याशिवाय ही तळण तळत नाही.

"कुलनार, बसू का दोन मिनिटं? भांडायला नाही आले. मीरिमचं—"

नाव काढलंन!

तीन वर्षं झाली. बापाचा टेपरेकॉर्डर विकून पोरगी मॉस्कोला गेली, दुकानात गल्ल्यावर बसायला. तिकिटाचे पैसे मागितले असते तर काय मी दिले नसते? नसते दिले. पण टेपरेकॉर्डर! जाताना मला म्हणाली, "आई, तुला यंत्रातला आवाज कळतो, माणसाचा नाही." मी म्हटलं, गेलीस तर मला मेलीस. हिनेच तिला कडेवर घेऊन बिघडवली. शाळेतून आली की आधी वर आत्याकडे. मग खाली येताना रेडिएटरवर ठोके — दोन आणि एक. म्हणजे, आई, येतेय. मी खालून एक ठोका द्यायचा. म्हणजे, ये.

वन्संच्या तोंडादेखत मी स्वतःच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज बंद, गाणं नाही, नुसती शांतता. तिचे ओठ हलत होते. वरच्या दिशेने बोट दाखवलं, हात जोडले, काहीतरी तीनदा म्हणाली. मी मान डोलावत राहिले. किती छान यंत्र केलंय मी! शेवटी ताट ठेवून गेली.

बोरसोक चांगले झाले होते. सगळे खाल्ले.

१२ नोव्हेंबर, शनिवार

रेडिएटरवर जाडी घोंगडी टाकली, पुढे आरामखुर्ची सरकवली. मंडळींचा हात लागायला नको. मी रबरी चपला घालून वावरतेय. वन्संची पावलं आज हलकी पडतायत, जेवण टाकलं की काय भवानीने? ठोके एकदाही नाहीत. शहाणी झाली.

१३ नोव्हेंबर, रविवार

जिंकले!

दोघे सकाळी अकराला आले. गेना फुलं घेऊन, इशेनबेक भुवया घेऊन. डबा उघडायला लावला. आत वाकून टॉर्च मारली, सोल्डरचे थेंब मोजले. काही मिळेना. "तारा नीट आहेत," म्हणाला, दात उपटावा तसं. मग हेडफोन लावले. आवाज पूर्ण चढवला. डोळे मिटले. मी आणि गेना उभेच.

खूप वेळाने म्हणाला, "चालू आहे का हे?"

"व्हॉल्व्ह लाल दिसत नाहीत का?"

"काही ऐकू येत नाही."

"नकोच यायला!"

गेना ओरडला, "अहो इशेनबेक, हरलात, उठा आता!" आणि म्हातारा खरंच उठला. मला खुर्ची दिली. माझ्याच घरात, माझीच खुर्ची, पण दिली! "बाई, पुढच्या महिन्यात माझ्याकडे या. माझ्यात घुंई आहे, सापडत नाही." हे त्याच्या तोंडून! मी फॅक्टरीतल्या सगळ्या बायकांची नावं मनात घेतली.

तेवढ्यात वरून ठोके. पळीचे, लोखंडावर लोखंड.

दोन. आणि एक.

हात आपोआप घोंगडीकडे गेला. मग अशी तिडीक गेली डोक्यात! म्हातारीने आता माझ्या पोरीचा ठोका चोरला! गुरुवारी नाव काढून भागलं नाही, म्हणून हे. कुठे मारायचं ते बरोबर कळतं हिला.

"कोण आहे वर?" गेनाने विचारलं.

"नणंद. टाळ्या वाजवतेय."

खूप हसलो. उत्तराचा ठोका मी दिला नाही. रेडिएटरला हात लावायला मी काय वेडी आहे?

जरा वेळाने पुन्हा दोन. एक आलाच नाही. काहीतरी धडाडलं, बहुतेक बादली. पाठोपाठ छताला ताटलीएवढा ओला डाग पडला. फरशी पुसतेय रविवारची, तीही माझ्या पाहुण्यांच्या डोक्यावर. झाडूच्या दांड्याने छत बडवलं. तेव्हा कुठे गप्प बसली.

१४ नोव्हेंबर, सोमवार

तार काढणार होते. पण गेना त्याच्या भावाला ऐकवायला आणतोय बुधवारी. दोन दिवस अजून.

वर फोन वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. बहिरी झाली असेल तर बरंच. ना ठोका, ना पाऊल. ह्या घरात इतकी शांतता कधी नव्हती. हेडफोन काढले तरी लावल्यासारखं वाटतं.

डाग वाळला.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

आत्ता दार वाजलं. वन्सं. अंगात कोट, हातात बॅग, बुटांना चिखल.

"मग? मिटलं का मायलेकींचं? दोन दिवस फोन उचलत नाही पोरगी, म्हटलं खालीच राहायला आली असेल तुझ्याकडे."

मी म्हटलं, कुठून येताय तुम्ही?

"अगं तोकमोकहून, शुक्रवारी गेले ती आत्ताच येतेय! तीनदा सांगितलं ना तुला गुरुवारी? मीरिम आलीय, वर आहे, तुझ्यासमोर यायला घाबरते. घर रिकामं करून देते, तू वर जा किंवा ती ठोका देईल, तू ठोका दे. तू मान डोलावलीस की."

मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मग खुर्चीमागच्या तारेकडे. बॅग तिथेच टाकून वर पळाली.

प्लग उपटला. तार तोडली. पट्टी निघत नाहीये. रेडिएटरवर एक ठोका दिला. पुन्हा एक दिला.

वर किल्ली फिरली.