देवी काढू का?

शके १८८४, माघ वद्य ३, सोमवार.
स्नानसंध्या यथास्थित. पहिल्या एस. टी.ने जिल्ह्याच्या गावी. शाळेच्या इमारतीत देवी टोचणाऱ्यांचे शिक्षण-शिबिर आहे. चि. वासुदेव उमेदवारांत दुसऱ्या बाकावर. ज्याच्याकडून मी रुद्र पाठ करून घेतला, तो आज दंडावर टोचणी किती दाबावी आणि कशी फिरवावी, हे पाठ करीत होता. उच्चार मात्र स्पष्ट. तेवढे माझे.

मला बोलावणे आरोग्याधिकाऱ्यांचे. ‘तुम्ही शीतळाआईचे पुजारी, शास्त्राची संमती सांगा, म्हणजे तुमचा कोळीवाडा ऐकेल.’ व्यासपीठावर तांबड्या अक्षरांत फलक: ‘देवी निर्मूलन’. वाचून अंगावर काटा आला. साहेबांना म्हटले, निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे. आमच्याकडे रोग तिच्याच नावाचा. हा फलक घेऊन गावात गेलात, तर लोक काय समजतील?

साहेब म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुम्ही व्याकरण सांभाळा, रोग आम्ही सांभाळतो.”

सगळे हसले. वासुदेवही. मान खाली घालून, पण हसला.

माझे भाषण जेवणानंतर. अर्धे श्रोते पेंगलेले. आई लेकराचे डोळे मागत नाही, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही, असे म्हणालो की उलट म्हणालो, आता आठवत नाही. फळा हवा होता म्हणून मध्येच थांबविले.

माघ वद्य ४, मंगळवार.
शिबिराचा दुसरा दिवस. मी मागे बसून ऐकले, कोणी उठविले नाही. कातडी साबणाच्या पाण्याने पुसावी, स्पिरिट लावू नये, त्याने लस मरते. नवी लस कोरडी येते. कालवली की त्याच दिवशी संपवावी लागते. आणि रोग्याजवळ जाऊन आलेल्या माणसालासुद्धा लागलीच टोचले, तर तो वाचू शकतो.

हे ज्ञान थोर आहे. मान्य करताना मला काही कमीपणा वाटला नाही. परतीच्या गाडीत वासुदेवाला तसे म्हणालो. तो म्हणाला, “मग बाबा, फलकाचं एवढं काय मनाला लावून घेता?” शब्द म्हणजे काय, हे ज्याला घरात शिकूनही कळले नाही

असो.

फाल्गुन शुद्ध १, सोमवार.
जीप आली. पुढे तोच फलक, दोरीने बांधलेला. शाळेत जाणाऱ्या पोरांनी मोठ्याने वाचला आणि दुपारपर्यंत वाडीभर झाले की सरकार आईला उपटून नेणार. सगळ्या बायका मासळीच्या पाट्या टाकून देवळाच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. पुढे काशी. तिच्या शब्दाबाहेर कोळीवाडा जात नाही.

“आईला उपटाया आलाव? हात लावून बगा.”

साहेबांनी समजूत घातली ती अशी: “अहो बाई, देवळाचं कोण बोलतंय? आम्हाला फक्त देवी काढायच्या आहेत. दंडावर.”

“दंडावर नको नि कुटं बी नको. काडू देनार न्हाय.” मग माझ्याकडे वळून, “आनि भटजीबुवा, तुमी बी त्यांच्याच गारीत? पगार चालू झाला काय तुमाला?”

बायका खदखदून हसल्या. या गावात माझे वडील पूजेला होते, त्यांचे वडील होते. आज मी गाडीतला भट.

शेवटी काशीनेच तोडगा काढला. उद्या मंगळवार, आईला कौल लावायचा. ती सांगेल तसे.

फाल्गुन शुद्ध २, मंगळवार.
पूजेपूर्वी साहेबांनी मला बाजूला घेतले. आवाज अगदी गोड. “दोन कळ्या चिकटवता ना तुम्ही मूर्तीच्या खांद्यांवर? उजवी पडली की होकार. मग उजवी जरा कोरडीच लावा. कुणाला कळणार आहे?”

मी म्हणालो, “मला.”

वासुदेव जवळच उभा होता. “बाबा, लहान मुलं आहेत हो.” एवढेच बोलला. ते वाक्य अजून कानात आहे.

तगरीच्या दोन कळ्या, दोन्ही सारख्या भिजवून, दोन्ही खांद्यांवर सारख्या दाबून लावल्या. काशीने पदर पसरून सवाल घातला: “आई, सरकार म्हनतंय देवी काडायच्या. काडू का?” तिचे बोलणे संपते न संपते तोच डावी कळी खाली आली.

नकार. बायकांनी जयजयकार केला. साहेब जीपमध्ये बसले. कालवलेली लस वाळूत ओतली गेली. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. वासुदेवाने पाहिले, न पाहता तर बरे झाले असते.

फाल्गुन शुद्ध ४, गुरुवार.
विनायकी. उपवास.
खाडीपलीकडच्या वाडीत मुंबईहून आलेल्या एका खलाशाला देवी आल्या आहेत. अंगभर. परवा कळी पडली आणि दुपारच्या भरतीला इकडच्या बायका होडीने पलीकडे गेल्या, रीतीप्रमाणे: आई घरी आली, तिची ओटी भरायची, दहीभात ठेवायचा, पोरांना पायांवर घालायचे. काशी आपल्या नातीला, चंपीला, कडेवर घेऊन गेली होती. आईवेगळी पोर, अजून धड चालत नाही. काशीला त्या पोरीखेरीज कोणी नाही.

वासुदेव दुपारी घरी आला तो पांढराफटक. “बाबा, काशीला आणि तिच्याबरोबरच्या बायकांना लहानपणी टोचलेलं आहे, दंडावर वण आहेत. चंपीला नाही. आज-उद्यात टोचलं तर आशा आहे.” मग तोंड फिरवून, “पण तुमच्या आईने नको म्हटलंय.”

तुमच्या आईने. जणू ती त्याची कोणी नाही.

रागाने जप चुकला. पुन्हा सुरुवात केली आणि मध्येच ध्यानात आले. हे मला मंगळवारीच कसे कळले नाही! वाक्याचा अर्थ लावण्यात जन्म घालविला. काशीने विचारले काय? ‘देवी काढू का?’ देवीलाच विचारले, तुला काढू का. तिने नाही म्हटले. उत्तर चोख आहे. प्रश्न चुकला.

तसाच उठून काशीकडे गेलो. ती बोंबील वाळत टांगायच्या वलांडीपाशी, सुकलेले उतरवीत होती. चंपी खाली जाळ्यावर झोपलेली.

“आय येकदा बोलली भटजीबुवा. परत परत इचारायला ती काय आमच्या बाजारातली हाय?”

“जे विचारलेस त्याला बोलली. तुला घराबाहेर काढू का, असे कोणी तुलाच विचारले, तर तू हो म्हणशील?”

काशी थांबली. मग हसू आवरेना तिला. “बामनाची जीभ गो बाय! बोंबलासारखी, हाड न्हाय कुटं.” पण हसता हसता पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला, हे मी पाहिले. “बरं. उद्या सुक्रवार हाय. सवाल तुमी घालायचा. पन कल्या सारख्या लावायच्या. मी डोल्यांत तेल घालून बगनार.”

वासुदेवाला सांगितले. तो सायकल घेऊन लस आणावयास गेला. जाताना पाया पडला नाही, पण थांबला होता.

फाल्गुन शुद्ध ५, शुक्रवार.
हे गाभाऱ्यातच बसून लिहीत आहे.

सकाळी कळ्या लावल्या. दोन्ही सारख्या, काशीने जवळ येऊन पाहिल्या, मान हलवली. सवाल मी घातला, शब्द तोलून: “आई, लेकरांच्या दंडाला लस टोचावी का?” यात देवी नाही, काढणे नाही, निर्मूलन नाही. इतका स्वच्छ प्रश्न मी उभ्या आयुष्यात कोणाला केला नसेल.

एकही कळी पडली नाही.

ऊन पायऱ्यांवरून मंडपात आले. बायका थोडा वेळ बसल्या. मग बाजाराची वेळ झाली, एकेक उठून गेली. वारा नाही. वासुदेवाने विचारल्यावाचून लस कालवली. आज संपवावी लागेल ती. पेटी मांडीवर घेऊन तो खांबाला टेकून बसला आहे. मंगळवारी म्हणाला ते वाक्य आज म्हणत नाही.

कौल लागेपर्यंत पुजाऱ्याने गाभारा सोडायचा नाही, कळ्यांना हात लावायचा नाही. उजवी कळी किंचित सुटल्यासारखी दिसते. डावीही दिसते. माझी नजर आता भरवशाची नाही.

साहेबांनी मागितले, तेव्हा नाही म्हणणे सोपे होते. तो मला हसणारा माणूस होता. मुलाने मागितले, त्यालाही नाही म्हटले. आईला विचारले, तर ती गप्प. इतकी वर्षे तिच्यासमोर उभा राहिलो. एक होकार द्यावयास तिचे काय जात होते? हे लिहू नये. लिहिले.

काशी एकटी राहिली आहे. मांडीवर चंपी, जागी, उंबऱ्यावरची फुले वेचून तोंडात घालते आहे. आत्ताच काशीने पोरीच्या हातातली फुले काढली, झबल्याची बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि दंड आपल्या पदराने पुसला. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली,

“भटजीबुवा, मी डोले मिटतंय.”

आणि मिटले.

मूर्ती माझ्यापासून हातभर अंतरावर आहे. फुंकर पुरेल.