आधी खड्डा उपसा

आई, कंपनीच्या खड्ड्याच्या सुनावणीला आज एकटीच जाऊन आले. फरीदाबादच्या आपल्या त्याच स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. इथंच तू नळाखाली पातेलं धरायचीस, पाण्याला रंगाच्या डब्यासारखा वास यायचा, आणि तू नाक मुरडून सगळं मोरीत ओतून द्यायचीस. मागच्या भिंतीपलीकडे कंपनीनं आपला विषारी गाळ खड्ड्यात टाकून ठेवलेला. कॉलनीनं तक्रार केली, तर कंपनीनं काय करावं? घरोघर फुकट फिल्टर पाठवले! सगळ्यांनी हसत घेतले. तू मात्र दारातूनच परत पाठवलास. "भैया, फिल्टर नहीं मंगा था, गड्ढा साफ करो बोला था." तुझं हिंदी ते असं, पण तो माणूस फिल्टर घेऊन जिना उतरला. मी तेव्हा कॉलेजात, चिडलेच. "अगं, सगळ्यांनी घेतला ना! आपणच तेवढे शहाणे?" तर माझ्यावरच उखडलीस. "त्यांनी घाण करायची आणि आपण गाळून प्यायची? वा रे वा!" आणि शेवटपर्यंत प्यायचं पाणी मंदिरामागच्या नळावरून आणत राहिलीस.

आता कंपनीला त्याच खड्ड्यावर माती लोटून बाग करून द्यायची होती. बाकं, झोपाळे, कारंजंसुद्धा. कॉलनी खूश. कॉलनीचे सेक्रेटरी मला गेटवर अडवून म्हणतात, "मॅडम, बच्चे खेलेंगे, आपको क्या प्रॉब्लम है?" बच्चे! त्या मातीत! माझं डोकंच फिरलं, आधी खड्डा साफ करा म्हणून अर्ज टाकला. आज समोर कंपनीचे वकील ओळीनं बसलेले, माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "आपके साथ और कौन है?" "कोई नहीं," म्हटलं, आणि माझं म्हणणं मांडत गेले. पण ऐकलं गं त्यांनी! आधी गाळ उपसायचा, त्याची नीट विल्हेवाट लावायची, खर्च सगळा कंपनीचा. बागेचं मग बघू.

परत आले तर शेजारणीनं मला बघून दार लावून घेतलं. आता खोदकाम होणार, वास सुटणार, फ्लॅटचे भाव पडणार म्हणे. पडू देत मेले. पेढे आणायला दुकानापर्यंत गेले होते, पण द्यायचे कुणाला? तशीच माघारी फिरले.

हे पत्र तरी कुठं टाकणार मी? पण खरं सांगू? इतकी वर्षं त्या खड्ड्यापायी भांडताना मनातल्या मनात रोज तुझ्याशीच बोलायचे मी. आता तो खरंच रिकामा होणार, आणि मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटतेय.