मीठ कुठे गेलं?

१४ मार्च, दुपार

चि. शंकाबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

हे नाव तू दुसरीत असताना मीच तुला ठेवलं होतं. आता तू त्याच वर्गाची बाई झालीस, तरी तोंडात तेच येतं. रागावू नकोस. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण कवितांच्या चाली अजून बिनचूक आठवतात.

नात मजेत आहे. मजेत म्हणजे, घरात दिवसभर तुझंच ‘बाई म्हणतात’ चालू असतं. गेल्या आठवड्यात मी दाढी करत होतो, तर तिने येऊन नळच बंद केला. बाई म्हणतात, जगातलं सगळं पाणी एका बादलीत धरलं, तर आपल्याला पिण्याजोगं त्यात जेमतेम दोन चमचे. गालाला साबण तसाच ठेवून मी तिला माझी कविता म्हणून दाखवली :

उन्हात न्हाली, वाफ निघाली, ढगांघरी पाहुणी;
वाऱ्यावरती बसून आली, होउन गोड पाणी.

एकतीस वर्षं या दोन ओळींवर मी पाऊस शिकवला. मुलं बाकांवर ताल धरायची, खिडकीच्या काचा थरथरायच्या. नात म्हणाली, “छान आहे आजोबा. पण बाई करून दाखवणार आहेत.”

ते ‘पण’ मला लागलं.

सोमवारी तू मला वर्गात बोलावलंस. तुझं मन मोठं. खिडकीत उन्हात पातेलं, त्यात मिठाचं पाणी, मधोमध रिकामी वाटी, वर ताणून बांधलेला प्लास्टिकचा कागद आणि कागदावर वाटीच्या बरोबर वर एक खडा. वाफ कागदाला लागेल, थेंब होऊन वाटीत पडेल, मीठ खाली पातेल्यात राहील. केवढी साधी गोष्ट! मग तू मुलांना सांगितलंस, की मीठ कुठे जातं हा प्रश्न तुला सरांच्या वर्गात, याच खिडकीजवळ पडला होता. मला तो टोमणा वाटला.

कारण तो तास मी विसरलेलो नाही. “सर, समुद्र खारट, मग पाऊस गोड कसा? मीठ कुठे गेलं?” असं तू विचारलंस. कवितेत शंका काढायच्या नसतात, असं म्हणून मी तुला तास संपेपर्यंत तिथे उभं केलं. खरं सांगू? मला उत्तर माहीत नव्हतं. पुढेही कधी शोधलं नाही; चाल जमली होती ना.

मधल्या सुट्टीत तू मुलांना हात धुवायला घेऊन गेलीस. वर्गात मी एकटा. कागदाखाली वाटीत चांगलं दोन चमचे पाणी जमलेलं, स्वच्छ. उरलेलं मीठ टेबलावर होतं. मी कागदाची कड उचलली आणि एक चिमूट वाटीत टाकली. बोटाने ढवळलंसुद्धा.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू चव घ्यायला पहिली नातीला बोलावलंस. ती म्हणाली, “बाई, खारट आहे.” मुलं हसली. तू स्वतः चाखून पाहिलंस आणि म्हणालीस, “चूक माझीच, हात लागला असेल.” आणि तास सावरायला मलाच कविता म्हणायला लावलीस. मी म्हटली. टाळ्या पडल्या. त्या मला गोड लागल्या, हेही लिहून टाकतो.

काल नातीची वही पाहिली. तिने लिहिलंय : ‘समुद्राच्या पाण्याची वाफ झाली तरी तिचं पाणी खारटच असतं. मी स्वतः चव घेतली.’ खाली दोन रेघा मारल्यात. मी खोडायला सांगितलं, तर म्हणाली, “चाखलंय मी, आजोबा.” आणि शेजारच्या वर्गाला हा प्रयोग तू दाखवणार नाहीस, असंही ती म्हणाली.

दाखव. शुक्रवारी पुन्हा पातेलं मांड. मी येतो आणि मुलांसमोर सांगतो, वाटीत मीठ कुणी टाकलं ते. नातीने ते माझ्याच तोंडून ऐकायला हवं. त्यानंतर घरात ‘आजोबा म्हणतात’ कुणी म्हणणार नाही, हे मला दिसतंय. पण त्या दोन रेघा तिने स्वतःच्या हाताने खोडायला हव्यात.

त्या दिवशी मी तुला तास संपेपर्यंत उभं केलं होतं. मी किती वेळ उभं राहायचं, ते तू ठरव. गुडघ्यांचा विचार करू नकोस.

खिडकीजवळची जागा माझ्यासाठी ठेव.

उत्तर न येणारा,
तुझा मास्तर