नुसत्या हवेची नळी

२ नोव्हेंबर, रविवार

कोळीण अजून तिथेच आहे. सोसायटीमागच्या रिकाम्या पट्टीत, रुईच्या वळलेल्या पानात, अंड्यांवर बसून. उड्या मारणाऱ्या कोळ्यांची जात. नखाएवढीही नाही, पण मी वाकले की अख्खी वळून माझ्याकडे बघते.

मोबाइलवरचा फोटो चेअरमनकाकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "ताई, हा तर डाग आहे." मग हसून, "सोळाच्या मीटिंगला दिसण्यासारखं काहीतरी आणा. नाहीतर त्या पट्टीत पार्किंग करायला सगळ्यांचे हात वर आहेतच."

एक फोटो हवा. तिचे डोळे दिसतील असा. त्या डोळ्यांत बघितल्यावर जेसीबी कोण बोलवेल?

आई म्हणाली, "सगळे बोलवतील."

मोबाइलला लावायची चिमट्याची लेन्स पुन्हा लावून पाहिली. मधे बरं, कडेला सगळं वितळलेलं. कॅमेरा आहे, सेकंडहँड का असेना. इतक्या जवळचं टिपणारी लेन्स नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बसमध्ये उभ्याने मोबाइलवर लेन्स शोधत होते, कंपनीचा स्टॉप मागे गेला. चाकणच्या त्या धुळीतून उलटं चालत यावं लागलं.

जवळून बारीक टिपणारी मॅक्रो लेन्स, चाळीस मिलिमीटरची, त्यातल्या त्यात परवडते. पण पिंपरीतला दुकानदार खरं बोलला. "मॅडम, चाळीसनं इतकं जवळ जावं लागतं की लेन्सची सावलीच किड्यावर. किडा पळाला की तुम्ही मला शिव्या देणार." शंभरची नवी, विषयच नाही. वाकडला एक आयटीवाला त्याची जुनी नव्वदची विकतोय. थोडं लांब राहून काढता येईल, ती बिचकणार नाही. पण एम.एस्सी.साठी बाजूला ठेवलेलं जवळजवळ सगळं त्यात जाईल. घरातली पहिली पदवी माझी. दुसरीही माझीच, असं ठरवलेलं.

तिसरा मार्ग: नळी. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची. लेन्स पुढे सरकते, म्हणून जवळचं मोठं दिसतं. खालच्या स्टुडिओवाल्या काकांनी रोलच्या कॅमेऱ्याची जुनी पन्नासची लेन्स देऊन ठेवली आहेच. पण नळी ऑनलाइन मागवली तर बसेल का? आणि कधी येईल?

कशावरच मन बसत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पप्पांची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. भेट सकाळच्या चहापुरती.

"काय बघायलीस त्या मोबाइलमदी एवढं?"

नळी दाखवली.

"आत काय असतंय हिच्यात?"

"काही नाही. हवा."

"नुसत्या हवेचे पैसे?" चहा खालीच ठेवला. "अगं माय, मी दिवसभर लेथवर काय भजी तळतो का? माप दे."

वहीच्या पानावर चित्र काढून दिलं. लांबी, आतला व्यास, बाहेरचा व्यास. वर्कशॉप आज बंद, पण किल्ली पप्पांकडेच असते. चिखलीत आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. ते आंघोळ न करताच निघाले. आई ओरडत राहिली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तयार! ॲल्युमिनियमची. एका टोकाला कॅमेऱ्याचं, दुसऱ्याला लेन्सचं प्लास्टिकचं झाकण मधून कापून इतकं घट्ट बसवलं आहे की हलत नाही. आणि चमक! आतून-बाहेरून आरसा. आईने त्यात बघून कुंकू सारखं केलं.

पप्पांनी दोन्ही हातांनी पुढे केली. "हां, क्वालिटीवाल्या मॅडम. पास का रिजेक्ट?"

"पास!" मी कॅमेऱ्याला लावायच्या आधीच म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार

अख्खी सकाळ रुईपाशी. ती आहे, मी आहे, ऊन आहे. प्रत्येक फोटोत मध्यभागी पांढरं धुकं. डोळे धुक्याच्या आत कुठेतरी.

लेन्स पुसली. कोन बदलला. ऊन पाठीवर घेतलं. तेच.

शेवटी नळी काढून आकाशाकडे धरली आणि नुसत्या डोळ्यांनी आत बघितलं. भिंती झगझगत होत्या. उजेड आत शिरतो आणि भिंतींवरून उड्या मारत फोटोवर पडतो. आतून काळी, खरखरीत हवी होती.

पप्पांनी ती सगळ्यात जास्त आतूनच घासली असणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीत दिवसभर तेच काम: पार्ट उचल, उजेडात फिरव, खूण कर. हिरवी पास, पिवळी रीवर्क म्हणजे दुरुस्तीला परत, लाल भंगार. कुणाचा चेहरा समोर नसतो. किती सोपं असतं.

आतून काळा कागद लावून पाहिला. सरकतो, फोटोचा कोपरा खातो. सुरकुतला.

वर्कशॉपसमोर पप्पांचे मित्र गायकवाडकाका भेटले. "काय पोरी, बापानं कॅमेरा बनवला म्हणं! सगळ्यांना सांगायलाय, फोटो दाखव की." हो म्हणाले. काय दाखवू?

वाकडवाल्याचा मेसेज: शनिवारी संध्याकाळपर्यंत थांबतो, नंतर दुसऱ्याला देणार. शनिवारी घेतली तर रविवारी सकाळी फोटो, अकराला मीटिंग. जमतं. मग नळीचं काय सांगायचं?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चहा. पप्पांनी स्वतःच विचारलं. "दाव की फोटो. गायकवाड डोकं खायलाय."

दाखवला. बराच वेळ मोबाइल लांब धरून, जवळ धरून बघितला.

"धुकं होतं का सकाळचं?"

नाही म्हणाले. सांगितलं. चमकेमुळे होतं, आत काळं हवं.

"मग ड्रॉइंगवर का न्हाई लिवलं? फिनिश लिवल्याबिगर मी चमकवणारच. चमक न्हाई दिली तर मालक मला हाकलंल."

खरं आहे. मी मापं लिहिली, फिनिश लिहिलंच नाही. मलाही माहीत नव्हतं. पण ते पुढे जे बोलले ते...

"न लावताच पास म्हणलीस?"

आई ओट्यापाशी थांबली.

"कंपनीतबी असंच पास करतीस का?"

मी कंपनीत कुणाचं ऐकत नाही. सुपरवायझरने गाडी उभी आहे म्हणून घाई केली तरी खूण बदलत नाही. हे मला त्यांना सांगायचं होतं. सांगितलं नाही. बाप म्हणून पास केलं, हे तर अजूनच वाईट वाटलं असतं.

नळी मागितली. दिली. डब्याच्या पिशवीत टाकून गेले. आज सुट्टी असून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नळीबद्दल शब्द नाही. मीही विचारलं नाही. रात्री जेवताना फक्त, "मीठ दे." रुईचं पान अजून मिटलेलं आहे, एवढंच बरं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हाफ डे घेतला. पट्टीत बसून लिहिते आहे.

पानाच्या कडेला बारीक हालचाल आहे. पिल्लं! मोहरीपेक्षा लहान, जवळजवळ पारदर्शक. कोळीण त्यांच्यामध्ये बसून माझ्याकडे बघते आहे. उद्यापर्यंत थांबतील की पांगतील, माहीत नाही. ऊन तासाभराचं उरलं आहे.

वाकडला आत्ता निघाले तर लेन्स मिळेल, पण आजचं ऊन जाईल. नाही निघाले तर लेन्सच जाईल. कॅमेरा गळ्यात आहे, पन्नासची लेन्स खिशात. मधला तुकडा नाही.

आईला फोन केला. "तुझे पप्पा सकाळी कामाला गेले तेव्हा पिशवीत काहीतरी होतं बाई. डबा तर इथंच विसरले."

आमच्या कंपनीत लाल खूण झालेला माल परत दिसत नाही. पिवळी झालेला येतो, कधी दोन दिवसांनी, कधी महिन्याने. पप्पांनी कुठली केली, ते बोललेच नाहीत.

फोन वाजतो आहे. वाकडवाला. उचलला नाही अजून.

पट्टीपलीकडच्या नाल्याच्या वळणावरून एक मोटरसायकल या बाजूला येते आहे. चालवणाऱ्याने एका हाताने पोटाशी काहीतरी धरलं आहे. इतक्या लांबून ओळखू येत नाही.

फोन अजून वाजतोच आहे.